गोळी लागल्यानंतरचे १२५ दिवस

शिकागोतील गोळीबाराची चर्चा बहुतेकदा वस्त्यांच्या नावांवर थांबते. समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू पापाख्रिस्टोस यांचे संशोधन वाचल्यापासून मला ती अपुरी वाटते, कारण त्यांनी मांडणी केली ती माणसांच्या परस्परसंबंधांची. दोघांना एकाच गुन्ह्यात एकत्र अटक झाल्याची पोलिसांत नोंद असली, की त्या दोन नावांना जोडणारी एक रेघ. त्यांपैकी एक पुढे तिसऱ्याबरोबर पकडला गेला, की आणखी एक. अशा रेघांच्या जाळ्यांत शहराची ६ टक्क्यांहूनही कमी लोकसंख्या होती, आणि २००६ ते २०१२ या काळात गोळी लागून वाचलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के जण त्यांतलेच होते.

२०१७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह १,३८,१६३ जणांचे जाळे तपासले, तेव्हा त्यातील गोळीबाराच्या सुमारे ६३ टक्के घटनांमागे संसर्गासारखा प्रसार दिसला. एकाला गोळी लागल्यापासून त्याच्या संबंधातल्या दुसऱ्याला लागेपर्यंत सरासरी १२५ दिवस जात होते. या आकड्यापाशी मी थबकलो. जखमी मित्राच्या वॉर्डाबाहेर बसलेला मुलगा डोळ्यांसमोर आणा: मनात सूड आहे, पुढचा नंबर आपला ही भीतीही आहे, आणि त्याच्यापर्यंत पोहोचायला कुणाला तरी चार महिने मिळू शकतात.

शिकागो पोलिसांनीही अशाच विश्लेषणातून धोक्यातील व्यक्तींची यादी केली होती. रँड या संस्थेच्या २०१६ च्या मूल्यमापनात, यादीतल्यांचा जीव जाण्याचा धोका कमी झाल्याचे दिसले नाही. उलट गोळीबाराच्या प्रकरणांत त्यांना अटक होण्याची शक्यता मात्र वाढली होती. ज्याला वाचवायचे त्यालाच संशयित ठरवणे मला अक्षम्य वाटते, विशेषतः मूळ रेघाच पोलिसांच्या नोंदींतून आलेल्या असताना. गस्त जिथे अधिक, तिथे अटका अधिक आणि जाळेही दाट.

म्हणून त्या मुलाशेजारी जाऊन बसणारा माणूस त्याच गल्लीत वाढलेला, कधीकाळी स्वतः टोळीत वावरलेला असावा, असे मला मनापासून वाटते. शिकागोत असे मध्यस्थ २००० च्या दशकापासून काम करत आहेत. मुलाने सांगितलेली गोष्ट पोलिसांकडे जाणार नाही, एवढी खात्री त्यांना देता आली, तरच तो तोंड उघडेल.