‘दुसऱ्या’ सापडेना, तेव्हा सुरू झालेली विकी

मुलगी काउंटरसमोर उभी होती आणि पुस्तक माझ्या हातात होतं. दुसऱ्या महायुद्धावरचं, इतिहास विभागाने मागवलेलं, नवं कोरं. तिने मोबाइलवरून आमच्या ओपॅकमध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत, ‘दुसऱ्या’ असं शोधलं तर एकही नोंद येईना. मी माझ्या संगणकावर शोधलं तर पहिल्याच ओळीत हजर. तिचा मोबाइल मी माझ्या पडद्याशेजारी धरला. दोन्हीकडे शब्द तोच, वळण तेच, काना-मात्राही त्याच.

कारण सापडायला दोन संध्याकाळी गेल्या. मी इन्स्क्रिप्ट या कीबोर्डवर टाइप करते. त्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे, त्याला हलन्त देऊन ‘य’ जोडला जातो. तिच्या कीबोर्डने साधा ‘र’ घेतला होता, मग हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग ‘य’. वाचणाऱ्याला शब्द एकच दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘ॲ’चंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, 2008 साली आलं. त्याआधीच्या नोंदींत ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवलेलं असतं, म्हणून ‘ॲकॅडमी’ शोधणाऱ्याला जुनी ‘अॅकॅडमी’ मिळत नाही. उपाय साधा आहे. पुस्तकाच्या नोंदीत मूळ शीर्षक 245 क्रमांकाच्या रकान्यात आहे तसं ठेवायचं आणि 246 मध्ये, म्हणजे शीर्षकाच्या पर्यायी रूपाच्या जागी, दुसऱ्या पद्धतीने टाइप केलेलं रूप टाकायचं.

मला वाईट याचं वाटलं की हाच प्रश्न आमच्या ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी येऊन गेला होता. एका सरांनी उत्तरही नीट दिलं होतं. त्यावर वाढदिवसांच्या शुभेच्छा, परिपत्रकं आणि नॅकचे तक्ते चढत गेले आणि ते उत्तर खाली गाडलं गेलं. त्या रात्री मी आमच्या भागातल्या चार ग्रंथपालांना फोन केला आणि म्हटलं, आपण कोहाची मराठी विकी करू या.

ग्रंथालयाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. विकी म्हणजे वाचणाऱ्यांनाही बदल करता येतील अशी वेबपानं. कोहा म्हणजे ग्रंथालयाचं सगळं काम चालवणारी मुक्त प्रणाली. दाखल नोंद, देवघेव, दंड, वाचकांसाठी ओपॅक, सगळं त्यात होतं. न्यूझीलंडमध्ये लेव्हिन या गावी होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी ती 1999 मध्ये लिहिली गेली. त्यांची जुनी प्रणाली 2000 साल उजाडल्यावर चालेल याचा भरवसा नव्हता. जानेवारी 2000 मध्ये कोहा तिथे सुरू झाली आणि त्याच वर्षी जगाला मोफत मिळाली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट, आणि घेणाऱ्याने कधीतरी आपल्याकडचं काही द्यावं ही जाणीवही त्या शब्दात आहे. हा अर्थ कळल्यापासून मला हे नाव फार आवडतं.

कोहाची इंग्रजी मार्गदर्शिका उत्तम आहे, तिची स्वतःची विकीही आहे. म्हणून सुरुवातीला मी मार्गदर्शिकेचं मराठी करत बसले. दिवाळीच्या सुट्टीत रोज रात्री एक पान. पानं वाढत गेली, पण ती वाचायला कुणी येईना. फोन मात्र येतच होते, आणि ज्याचं उत्तर मी आठवड्यापूर्वी लिहून ठेवलं होतं तेच लोक विचारत होते. माझ्या पानाचं नाव होतं ‘कॅलेंडर व्यवस्थापन’. फोनवरच्या ताई म्हणत होत्या, “मॅडम, दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांना दंड लागला हो!” अडचणीत सापडलेलं माणूस ‘कॅलेंडर व्यवस्थापन’ शोधत नाही, दंड शोधतं.

मग पानांची नावं फोनवर ऐकू येतात तशीच ठेवायची असं ठरलं. पहिलंच पान केलं, ‘दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांना दंड लागला’. सुट्टी लागण्याआधी कॅलेंडरमध्ये तारखा भरा, आणि बंद दिवस दंडातून वगळण्याची सेटिंग पाहून घ्या, एवढं त्यात होतं. जतन करायला गेले तर पान जतनच होईना. विकी चालवायला आम्ही डोकुविकी ही प्रणाली घेतली होती, कारण तिला डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. पण तिच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये फाइलचं नाव लिहिताना देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ इंग्रजी खुणांत जातं. काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे वेगळे मोजायचे. आमच्या नावात अशी 34 चिन्हं, म्हणजे 306 खुणा. सर्व्हरवर फाइलच्या नावाची मर्यादा 255. मराठी माणसाने मराठीत वाक्य लिहिलं म्हणून पान अडलं, याचा मला खरोखर राग आला. आता पानाचं नाव ‘सुट्टीतला दंड’ एवढंच असतं आणि पूर्ण वाक्य मथळ्यात येतं. यादीत नावाऐवजी मथळा दिसावा अशी सोय डोकुविकीत आहे, ती चालू केली.

तरीही लिहिणारे आम्ही पाचच होतो. बाकीचे वाचायचे, फोनवर आभार मानायचे, पण ‘बदल करा’वर बोट ठेवायला धजत नसत. “तुम्ही लिहिलेलं मी कसं खोडू?” असं मला एकांनी विचारलं. वयाने आणि अनुभवाने माझ्याहून मोठे गृहस्थ. आपल्याकडे दुसऱ्याच्या लिखाणाला हात लावणं म्हणजे त्याचा अपमान असं वाटतं, आणि त्या संकोचाचा मी आदर करते. त्यांना मी जुन्या आवृत्त्यांची यादी दाखवली. काहीही बदललं तरी आधीचं पान जसंच्या तसं परत आणता येतं, हे त्यांनी स्वतः करून पाहिलं. त्यानंतर त्यांनी एक अनुस्वार दुरुस्त केला. ती त्यांची पहिली नोंद.

सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान मात्र आमच्या मामांचं आहे. मामा आमच्याकडे ग्रंथालय परिचर आहेत. बारकोडचे स्टिकर तेच छापतात आणि तेच चिकटवतात. ए-फोर कागदावर 65 स्टिकर असतात, पाच उभ्या रांगा, तेरा आडव्या. आमच्याकडे वरच्या दोन ओळी बरोबर यायच्या आणि खाली जाता जाता बारकोड रेघेवर सरकायचा. मी कोहातल्या साच्याची मापं मिलिमीटरने बदलत राहिले, कागद वाया गेले. मामा म्हणाले, “मॅडम, छापताना तो कागदात बसवतोय. त्याला बसवू नको म्हणा, शंभर टक्के करा.” प्रिंटच्या खिडकीत ‘फिट’वरची खूण काढली आणि पासष्टच्या पासष्ट स्टिकर जागेवर आले.

मामांना टाइप करायचं नव्हतं. त्यांनी सांगितलं, मी त्यांच्याच शब्दांत उतरवलं आणि पान त्यांच्या नावाच्या खात्यातून जतन केलं. “आधी साध्या कागदावर छापा, तो स्टिकरच्या कागदावर ठेवून उजेडात धरा.” हे वाक्य मी कुठल्याही मार्गदर्शिकेत वाचलेलं नाही.

काही पानांवर आमचं एकमत झालेलं नाही, आणि ती मी तशीच ठेवली आहेत. कवितांवर नाव कुसुमाग्रज, नाटकांवर वि. वा. शिरवाडकर. नियमाने दोन वेगळी नोंदनावं करून ‘हेही पाहा’ने जोडायची. आमच्यातले दोघे म्हणतात, मुलं एकाच नावाने शोधतात, सगळं एकाखाली आणा. मी नियमाच्या बाजूने आहे, कारण आपण एकत्र केलेलं पुढच्या ग्रंथपालाला सोडवणं कठीण जातं. पण पानावर दोन्ही बाजू आहेत, आणि प्रत्येकाने आपल्या कॉलेजात काय केलं तेही आहे.

एक नियम मात्र मी सोडत नाही. पानाच्या वर कोहाची आवृत्ती लिहायचीच. दर वर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये नवी मोठी आवृत्ती येते, बटणं जागा बदलतात, आणि मग जुनं पान लोकांना चुकीच्या जागी नेतं. ‘दुसऱ्या’चं पानही दोनदा दुरुस्त करावं लागलं. त्यात मी एकच रूप लिहिलं होतं, त्यामुळे मोबाइलवरून शोधणाऱ्यांना ते पानच मिळत नव्हतं. आता पहिल्या ओळीत दोन्ही रूपं शेजारी शेजारी आहेत.

परवा मामांच्या पानाखाली एक ओळ वाढलेली दिसली. लिहिणाऱ्या ताई आमच्या ग्रुपमधल्या नाहीत, कोणत्या कॉलेजच्या तेही मला माहीत नाही. “आमच्या प्रिंटरला पहिला कागद तिरका जातो, म्हणून आम्ही दुसऱ्या कागदापासून स्टिकर लावतो.” मामांना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती स्वतः पुन्हा वाचली आणि म्हणाले, “त्यांना लिहा, कागद घालायच्या आधी गठ्ठा नीट पिंजून घ्या.”