कॅलोग्लोसा टँक, लातूर : फेब्रुवारी ते मे

टँक 45×28×30 सेंमी, दगड धरून पाणी अंदाजे 30 लिटर. दुकानात 'रेड मॉस' म्हणून मिळतं ते म्हणजे कॅलोग्लोसा, पण ते मॉस नाही. ते लाल शैवाल आहे, आणि टँकमध्ये नको तिथे उगवणारं, आपण ज्याला वैतागतो ते बीबीए (ब्लॅक बिअर्ड अल्गी) हेही लाल शैवालच. म्हणून बीबीएवरचं प्रत्येक औषध इथे बाद.

आठवडा 0. बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, पीपीएममध्ये) 780, आरओचा 40. एक भाग बोअर, चार भाग आरओ; मिश्रण 188. दगड आपलाच काळा बसाल्ट, पण त्यात पांढऱ्या शिरा असतील तर आधी व्हिनेगर टाकून बघावं. बुडबुडे आले की कॅल्साइट आहे, तो दगड पाणी पुन्हा जड करतो. दोन दगड असेच बाजूला काढले.

शैवाल भिंगाखाली पांढऱ्या ताटलीत पसरून बीबीएचे काळे झुबके चिमट्याने वेचले. यात एक तास गेला तरी चालेल. नंतर ग्लुटराल्डिहाइड किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड मारायची सोय नाही. बीबीएसोबत हेही जातं. मग 1 सेंमीचे तुकडे, सायनोॲक्रिलेट जेलचा (सुपरग्लूसारखा गोंद) मोहरीएवढा थेंब, तोही फक्त कडेला. गोंदाखाली दबलेला भाग मरतो.

आठवडा 3. वाढ जवळपास शून्य, आणि ते ठीकच आहे. लाइट सहा तास, सीओ2 सेकंदाला एक बुडबुडा, ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओ2 रंगावरून दाखवणारी कुपी) पोपटी, म्हणजे सीओ2 पुरेसा. दोन तुकडे सुंदर गुलाबी-लाल दिसू लागले. हा रंग खुलल्याचा नव्हे, मरत असल्याचा. निरोगी कॅलोग्लोसा तपकिरी-जांभळट असतो. दोन्ही तुकडे पंपाच्या आडोशाला होते, वर गाळ साचला होता. गुलाबी भाग कापला, दगड प्रवाहात सरकवला.

आठवडा 7. नवी टोकं दुभंगून वाढताना भिंगातून स्पष्ट दिसतात. चेरी श्रिम्प 12 सोडले. ते पात्यांवरचा गाळ साफ करतात, शैवालाला हात लावत नाहीत.

आठवडा 11, एप्रिल. खोली 38 अंश, टँक 32. पाण्यावर तिरका पंखा लावल्यावर 28.5. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असल्याने पंखा भरपूर काम करतो, पावसाळ्यात एवढा फरक पडणार नाही. बदल्यात रोज लिटरभर पाणी उडतं. भर फक्त निव्वळ आरओची घालायची. उडतं ते पाणी, क्षार टँकमध्येच राहतात. मिश्रण ओतत राहिलं तर टीडीएस चढत जातो. लोडशेडिंगला पंप आणि पंखा इन्व्हर्टरवर, सीओ2 बंद.

आठवडा 14. मुख्य दगडावरचा झुबका 1 सेंमीचा 2.5 झाला. पाणी बदल आठवड्याला 20 टक्के. छाटलेले तुकडे जाळीत अडवावेत, नाहीतर फिल्टरच्या स्पंजात जातात. त्यातलेच सहा आता दुसऱ्या दगडावर चिकटवले आहेत.