तुम्ही विचारलंत म्हणून: रायवळ का उतरवत नाही?

एप्रिल सरत आला की मार्वेच्या धक्क्यावर, बोटीत, लग्नाच्या पंगतीत मला एकच प्रश्न येतो. मनोरीच्या वाडीत रायवळाची, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या गावठी आंब्याची, तीन झाडं आंब्यांनी लगडलेली असताना तुम्ही ती उतरवत का नाही? धाकटी जाऊ पुढे म्हणते, "आणि पेटी मात्र मालाडच्या बाजारातून आणता!" हो, आणते. दहा-अकरा वर्षं मी गुडघेदुखीचं कारण सांगून वेळ मारून नेली. गुडघ्यांचा काही संबंध नाही. यंदा सरळ सांगते.

आधी तुमच्या सूचना. "झेला वापरा." दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला नूतन झेला, म्हणजे लांब काठीच्या टोकाला पातं आणि जाळी, आमच्या पडवीत टांगलेला आहे. चांगली वस्तू आहे. आंबा देठासकट कापला जातो, चीक सालीवर ओघळत नाही. हापूसच्या कलमाचे आणि पायरीचे आंबे मी त्यानेच जमिनीवर उभी राहून काढते. पण रायवळ सासऱ्यांच्या वडिलांनी कोय पुरून लावलेले, चाळीस-पन्नास फूट उंच. तिथे माणूस चढवावाच लागतो. "ठेक्याने द्या." ठेकेदार तरी काय करणार? तोही माणूसच चढवणार, फक्त माझ्या डोळ्यांआड. "छाटून बुटकी करा." मुंबईत झाडं तोडण्या-छाटण्यासाठी 1975 च्या कायद्याने पालिकेची परवानगी लागते, पण ती सबब मी पुढे करणार नाही. रीतसर अर्ज केला तर ती मिळते. मला छाटायची नाहीत.

2014 चा मे महिना, शेवटचा शनिवार. आभाळ भरून यायला लागलं होतं. एकदा पाऊस पडला की फळमाशी आंबा आतून नासवते, म्हणून घाई. रविवारी पंधरा माणसं जेवायला येणार होती. पाड्यावरचा मुलगा सकाळपासून झाडावर होता. एकोणीस वर्षांचा. त्याचे वडीलही आमचीच झाडं उतरवायचे. दोराने करंडी खाली सोडायचा, मी रिकामी करून हलवली की वर ओढायचा. अकरा करंड्या झाल्या. मग वरून म्हणाला, "ताई, शेंड्याचे राहू द्या. फांदी वाळकी वाटते."

मी म्हटलं, "वीस-पंचवीसच तर आहेत. काढून टाक, कावळ्यांना कशाला?"

हे वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. सगळ्यांना वाटतं, त्याचा पाय घसरला.

फांदी मोडल्याचा आवाज मोठा नव्हता. आधी आंबे पडले, मग तो. खालच्या फांदीवर आदळला आणि तिथून पाराच्या दगडावर. कितीतरी वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पाय." आम्ही न्हाणीघराचं दार बिजागऱ्यांवरून काढलं, त्यावर त्याला निजवलं आणि चौघांनी धक्क्यापर्यंत नेला. उत्तन-भाईंदरवरून गाडीने नेलं तर फार वेळ गेला असता. बोटवाल्याने उतारूंना थांबवलं आणि आम्हाला घेऊन लगेच बोट सोडली. एरवी दोन गोष्टी बोलेपर्यंत संपते ती खाडी. त्या दिवशी संपेना. त्याने माझं मनगट धरलं होतं. त्याचा हात आंब्याच्या चिकाने माखलेला, ते त्याच्या ध्यानात नव्हतं, माझ्याही नाही. दोन दिवसांनी माझ्या मनगटावर चार बोटांचे चट्टे उठले. पावसाळा निम्मा सरेपर्यंत ते पुरते गेले नाहीत.

मांडीचं हाड आणि मनगट मोडलं होतं. सळई घातली. पाच महिने तो अंथरुणावर होता. "पैसे दिलेत ना?" असंही काहींनी विचारलंय. दिले. दवाखान्याचे दिले, घरखर्चाचेही दिले. त्याने काय फिटलं ते मला माहीत नाही. तो आजही थोडा लंगडतो. त्या अकरा करंड्या पडवीत तशाच राहिल्या. कुणी आढी लावली नाही, तरी आंबे पिकले आणि घरभर वास सुटला. मी शेजाऱ्यांना म्हटलं, घेऊन जा, करंड्यांसकट घेऊन जा.

सासूबाई म्हणायच्या, झाडाने दिलं ते घेतलं नाही तर झाड रुसतं. मीही तेच म्हणायचे. नव्या सुनेला पडवीत उभी करून आंबे मोजायला लावायचे, एकही खाली सडला तर जीव खालीवर व्हायचा. ती तेव्हाची मी आजच्या मला विचारते, तू झाडाचा मान ठेवतेयस की नुसती भितेयस? आणि पंधरा माणसांच्या पानात रायवळाचा रस वाढण्यातला आनंद खोटा होता का? नव्हता. बाजारातल्या पेटीला ती चव नाही. मान्य.

पण "वाया जातात" म्हणू नका. रात्री वटवाघळं येतात. पहाटे अर्धे खाल्लेले आंबे पडलेले असतात, त्यांवर खारी. शाळेला सुट्टी असते तेव्हा पाड्यावरची पोरं फाटकातून आत येतात आणि चोखून कोयी माझ्याच अंगणात टाकतात. फेब्रुवारीत मोहोर भरात असतो तेव्हा झाडाखाली बाज टाकून पडलं की मधमाश्यांचा आवाज अंगावरून जातो, वर कुठेतरी तांबट पक्ष्याची टुकटुक चाललेली असते. आंबे मोजायचे तेव्हा मला हे कधी ऐकूच आलं नव्हतं. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा एका दुपारीत सगळे आंबे खाली आले आणि एक मोठी फांदी विहिरीवर पडली. झाडं मात्र उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मी बुंध्याला हात लावून किती वेळ उभी होते कोण जाणे. दीर म्हणतात, माझगाव निराळं बेट होतं तेव्हा तिथल्या आंब्यांचं नाव होतं, आता तिथे गोदी आहे, ज्याच्याकडे झाड उरलंय त्याने तरी खावं. त्यांचं चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही.

आणि एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. दरवर्षी मला सगळ्यात आधी विचारतो तो हाच मुलगा. आता त्याची दोन लेकरं आहेत. म्हणतो, "ताई, मी चढणार नाही, माणसं लावतो, कमरेला दोर बांधून चढवतो. झाडं मला द्या." त्याला महिनाभराचं काम हवंय. मी नाही म्हणते तेव्हा त्याचीच कमाई बुडते. गेल्या वर्षी तो जरा चिडूनच बोलला, "पडलो मी, आणि भीती तुम्हाला!" मी गप्प बसले. त्याला हे काम नाकारणारी मी कोण? आणि पुन्हा कुणाला वर पाठवणारी तरी मी कोण? दर वेळी सांगते, पाड लागू दे, झाडावरच पिकून पहिला आंबा पडू दे, मग बघू. मग काही बघत नाही.

काल संध्याकाळी विहिरीकडच्या झाडाचा पहिला पाड पडला. उचलून धुतला आणि खाल्ला. त्याला अजून फोन केलेला नाही.