कॅन्यनिंगचं साहित्य: आधी काय घेतलं, काय थांबवलं

कॅन्यनिंग म्हणजे पाण्याच्या घळीतून रोपने उतरत जाणं. त्याच्या साहित्याची पूर्ण यादी एकदम घ्यायला गेलं की खर्चाचा आकडा बघूनच धीर सुटतो. म्हणून मी यादी दोन भागांत तोडली: अंगावर चढणारं साहित्य आणि सगळ्या गटात मिळून एकदाच लागणारं. रोप, पुल कॉर्ड (उतरल्यावर रोप खाली ओढून घ्यायची दोरी), रोप बॅग, अँकरसाठी (रोप जिथे बांधतात त्या आधारासाठी) वेबिंग म्हणजे सपाट पट्टा हे दुसऱ्या भागात गेलं. नवख्याने रोप लावायचाच नसतो, त्यामुळे हा मोठा खर्च निवांत पुढे ढकलता येतो.

हेल्मेट (युरोपीय मानक ईएन 12492) आणि हार्नेस (कंबर-मांड्यांना बांधायचे पट्टे) नवेच घ्यावेत. वापरलेल्या हार्नेसने किती ऊन आणि घर्षण सोसलंय ते वरून कळत नाही. चढाईचा हार्नेस सुरुवातीला चालतो. पण घळीत खडकावरून बसून घसरावं लागतं, तेव्हा मागचे पट्टे झिजतात. कॅन्यनिंगच्या हार्नेसला मागे पीव्हीसीचा पडदा असतो आणि झिजला की तेवढाच बदलता येतो. नियमित जाणार असाल तर हाच स्वस्त पडतो.

डिसेंडर म्हणजे रोपवरून उतरताना वेग आवरणारं उपकरण. त्यात इंग्रजी 8 च्या आकाराचा साधा फिगर-एट सर्वात स्वस्त. त्याचा एक दोष मात्र जिवावर बेतू शकतो. कड्याच्या काठावरून उतरताना खडक घासून रोपचा वेढा वर सरकतो, मोठ्या कडीवरून पलटतो आणि गाठ आवळली जाते. अंगाचं वजन असताना ती सुटत नाही, आणि डोक्यावर धबधबा कोसळत असेल तर वेळही मिळत नाही. शिंगं असलेल्या डिसेंडरमध्ये वेढा असा पलटत नाही, घर्षणही उतरता उतरता वाढवता येतं. इथे काटकसर करू नये.

सोबत तीन लॉकिंग कॅराबिनर (कुलूपबंद होणाऱ्या कड्या), डायनॅमिक म्हणजे ताणल्या जाणाऱ्या रोपची काउज टेल (स्वतःला अँकरला अडकवायची आखूड दोरी) आणि नायलॉनचा प्रुसिक (रोपवर आवळून पकड घेणारा दोरीचा फास). प्रुसिकसाठी डायनीमा हा मजबूत कृत्रिम धागा नकोच; तो साधारण 145 अंश सेल्सिअसला वितळतो, घर्षणाने तेवढा तापायला वेळ लागत नाही.

वेटसूट आधी भाड्याने घ्या. 5 मिमीचा सूट बहुतेक थंड पाण्याला पुरतो, पण तो ढगळ असेल तर आत पाणी खेळत राहतं आणि जाडीचा उपयोग शून्य. निओप्रीनचे मोजे मात्र लगेच विकत घ्यावेत.

रोपची पाळी शेवटी. घरातला चढाईचा डायनॅमिक रोप वापरून पैसे वाचत नाहीत: तो ताणून वरखाली होतो, काठावर करवतीसारखा घासतो आणि पाणी पिऊन जड होतो. सेमी-स्टॅटिक, म्हणजे कमी ताणला जाणारा रोप (ईएन 1891) घ्या. नवा रोप भिजवून वाळवल्यावर आटतो, म्हणून मध्याची खूण त्यानंतरच करा. 30 मीटरच्या टप्प्याला रोप मध्यावर दुमडून दुहेरी उतरायला 60 मीटर लागतो, किंवा 30 मीटर रोप आणि तेवढीच पुल कॉर्ड. टोकापासून 8 मीटरवर आवरण फाटलं तर तेवढा तुकडा कापावा लागतो. उरलेल्या 52 मीटरवर दुहेरीने 26 मीटरच गाठता येतात, आणि मध्याची खूण नव्याने करावी लागते.