खालच्या कप्प्यातली पुस्तकं

आठवीत असताना आपल्या शाळेच्या ग्रंथालयातली गोष्टींची सगळी पुस्तकं माझी वाचून झाली होती. शनिवारच्या तासाला मी रिकाम्या हातानं उभा होतो. ग्रंथालयाच्या बाईंनी खालच्या कप्प्यातून एक पुस्तक काढून दिलं. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. मी चाळलं आणि म्हणालो, "बाई, हे तर इतिहासाचं आहे." त्या म्हणाल्या, "दहा पानं वाच. नाही आवडलं तर सोमवारी परत आण."

सोमवारी मी ते नेलंच नाही. घरचं कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून एक भिक्षुक काकांबरोबर उत्तरेला निघतो आणि थेट १८५७ च्या धामधुमीत सापडतो. झाशीला इंग्रजांचा वेढा पडतो तेव्हा तो शहरातच असतो. तोफांचे गोळे, कत्तल, लूट. आणि एवढं सोसून घरी परतताना खांद्यावर गंगेची कावड! पुढे काय होणार या धास्तीनं मी पानं उलटत होतो. मध्येच लक्षात आलं, हे कुणी रचलेलं नाही, या माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. अंगावर काटा आला. खरं ते परीक्षेपुरतं आणि रंगतदार ते कल्पित, अशी तोवर माझी पक्की समजूत होती.

नंतर मिळालेलं दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' मला तेव्हा झेपलं नाही. कॉलेजात पुन्हा हाती आलं, तेव्हा युक्ती सापडली: चैत्रावरचा लेख चैत्रात, वैशाखावरचा वैशाखात. वर्षभर पुरलं ते.

इरावती कर्व्यांचा 'परिपूर्ती' तर त्याच नावाच्या पुस्तकातला चार-पाच पानांचा लेख. सभेत त्यांची ओळख करून देतात ती कुणाची मुलगी, कुणाची सून, कुणाची पत्नी म्हणून. काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. मग रस्त्यात शाळकरी पोरं एकमेकांना सांगतात, ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई! बस, एवढंच. पण लेख मिटल्यावर मी बराच वेळ आईकडे बघत बसलो होतो. तिथून मी त्यांच्या महाभारतावरच्या 'युगान्त'कडे गेलो. एका पुस्तकाचं बोट धरून दुसऱ्याकडे जायचं, माझं वाचन अजून असंच चालतं.

या पुस्तकांच्या दोन-दोन प्रती ग्रंथालयाला पाठवतो आहे. काचेच्या कपाटात ठेवू नयेत, ही विनंती. खालच्याच कप्प्यात असू द्या, आठवीतल्या मुलांचा हात पोचेल अशा.