कमळाला रंग चढला

रविवार, रात्री साडेदहा

तीन वेळा साबण लावूनही नखांच्या कडेचा तपकिरी रंग निघालेला नाही.

8 बाय 10 इंचाच्या कातड्यावर कमळ कोरून पंधरा दिवस झाले होते. रंगाला हात घालायचा धीर होत नव्हता. कोरताना रेघ जरा चुकली तर कातडं ओलं करून थोडीफार दाबून बसवता येते. स्पिरिटचा रंग मात्र एकदा मुरला की मुरला.

त्यात गेल्या आठवड्यात एका पाकळीवर निळसर काळे ठिपके उठले. शेजारीच रापीला, म्हणजे कातडं कापायच्या हत्याराला, धार लावली होती, तिचा लोखंडी चुरा ओल्या कातड्यावर उडाला असणार. हे कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं, कोल्हापुरी चपलेचं असतं तसं. त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याला लोखंड लागलं की ते काळं पडतं. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो तसंच. लिंबाच्या रसात पाणी घालून कापसाने टिपत राहिले. ठिपके फिके होत होत विरले, तेव्हा जिवात जीव आला. मग साध्या पाण्याने पुसून घेतलं, आंबट आत राहायला नको.

काल आधी ओलसर फडकं फिरवलं, म्हणजे रंग सारखा बसतो. मग कमळामागच्या जागेवर पातळ तपकिरी रंगाचे तीन हात दिले. ओला रंग गडद दिसतो, वाळला की उजळतो, म्हणून प्रत्येक हातानंतर थांबावं लागतं. ते थांबणंच मला सगळ्यात जड जातं. फडक्यावर रंग उतरेनासा होईपर्यंत पुसलं आणि रात्री सगळ्यावर रेझिस्टचे, म्हणजे वरचा रंग आत मुरू न देणाऱ्या लेपाचे, दोन पातळ हात.

आज दुपारी अँटिक पेस्ट, म्हणजे कोरीव रेघा गडद करणारा दाट रंग, चोळली. अख्खं कमळ चिखलात बुडालं! छातीत धस्स झालं. लगेच पुसायला घेतली. वरची पेस्ट निघाली, कोरलेल्या रेघांत तेवढी राहिली आणि पाकळ्यांची एकेक शीर उठून आली. किती तरी वेळ नुसती बघत बसले. ठिपक्यांची पाकळी कोणती, ते मलाही शोधावं लागलं.

संध्याकाळी कडा ओलसर करून लाकडी दांड्याने घोटल्या, वर मेण. डावा कोपरा अजून खरखरीत लागतोय. उद्या पुन्हा घोटेन.