खळ टिकली, टेप का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मोडी वाचून घ्यायला लोक घरचं दप्तर घेऊन येतात आणि मजकुराआधी हाच प्रश्न काढतात : पणजोबांनी जोडलेले कागद अजून घट्ट आहेत, मग आपण लावलेल्या टेपनं कागदाचा सत्यानाश का केला?

जुन्या कुंडलीची गुंडाळी उलगडून बघा. पानाखाली पान जोडत नेलेलं असतं आणि सांध्यावर बोट फिरवलं तर जेमतेम जाडी लागते. तिथे असते साधी खळ, म्हणजे पाण्यात शिजवलेलं पीठ. पीठ आणि कागद दोन्ही वनस्पतीचेच, पावसाळ्यात दोघंही ओल धरतात, उन्हाळ्यात सोडतात, त्यामुळे सांधा ओढला जात नाही. वैरी म्हणजे कसर. तिच्यासाठी बाइंडर मंडळी खळीत मोरचूद घालायची. कीड लांब राहायची, पण त्यातलं तांबं कालांतरानं कागदालाच खातं. घरच्या कागदांना मी तरी मोरचूद लावू देणार नाही.

डिंक जरा लहरी. कोरड्या हवेत काचेसारखा तडकतो, दमट हवेत परत चिकट होतो. जुन्या पाकिटांवरची तिकिटं गळतात ती त्यामुळे.

पारदर्शक टेप १९३० मध्ये अमेरिकेत आली. जुन्या टेपचा चिकट थर रबराचा. हवा लागून आधी तो मऊ पडतो आणि कागदाच्या तंतूंत उतरतो, मग पिवळा-तपकिरी होऊन कडक होतो. वरची पट्टी आपोआप गळून पडते, खाली मात्र अक्षरांवर डाग राहतो, आणि तो पाण्यानं हलत नाही. फेव्हिकॉल लाकडाला उत्तम, पण कागदावर पूर्ण वाळला की सोडवताना कागदच फाटतो. खळ मात्र ओल लागली की सुटते. कागदाच्या बाबतीत ही कमजोरी नाही, सोय आहे. म्हणून तर संग्रहालयांतले जतनतज्ज्ञ आजही गव्हाच्या स्टार्चची खळ आणि जपानी टिश्यू, म्हणजे अगदी पातळ पण चिवट कागद, वापरतात.

टेप ओढून काढू नका, ते काम जाणकाराकडे द्या. आणि खळ लावायच्या आधी एका कोपऱ्यातल्या अक्षराला ओलसर कापूस टेकवून बघा. काजळीची काळी शाई सहसा निभावते, कुंडलीतली लाल पसरू शकते. पसरली तर हात लावू नका.